शेजारच्या पोर्चची तक्रार

लिओटा गॅस्किन्सला आयुष्यात कुणी चुगलखोर म्हटलं नव्हतं. शाळेची पिवळी बस चालवण्यात तिची उभी हयात गेली. मागच्या सीटवर कोण कुणाचे केस ओढतंय हे आरशात लख्ख दिसायचं, पण एकाही पोराचं नाव तिने कधी मुख्याध्यापकांपर्यंत जाऊ दिलं नाही. बस कडेला लावायची, मागे वळायचं आणि कुणीतरी आपणहून तोंड उघडेपर्यंत गप्प बसून राहायचं, एवढ्यावर तिचं भागत असे. म्हणून ज्या दिवशी तिने फोन उचलून शेजारच्या घराबद्दल महापालिकेकडे तक्रार केली, त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली. केलं ते बरोबर की चूक, हे तिला कळेना. पुढेही कधी ते धड कळलं नाही.

शेजारचं घर मिस्टर बार्टकोंचं. सरोवराच्या काठचा पोलादाचा कारखाना चालू होता तेव्हा त्या गल्लीत झाडून सगळे स्लोव्हाक. कारखाना बंद पडला, त्यांची पोरं पोटापाण्यासाठी पांगली, आणि घरं एकेक करून लिओटासारख्या काळ्या कुटुंबांनी घेतली. मिस्टर बार्टको तेवढे मागे राहिले. कारखान्यात क्रेन चालवलेला माणूस, सडाफटिंग, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लिओटा आणि तिचा नवरा ऑर्विल राहायला आले त्या पहिल्या नाताळात बार्टको त्यांच्या दाराशी खसखशीचं सारण भरलेली गोड पावाची गुंडाळी ठेवून गेले, घंटासुद्धा न वाजवता. मग दर नाताळाला तसंच. इकडून लिओटाच्या हातचा कॉर्नब्रेड जायचा. बोलणं मात्र बेतास बात. ऑर्विल गेला, मुलगा जॉर्जियात स्थायिक झाला, इतकी वर्षं लोटली, तरी ती त्यांना मिस्टर बार्टको आणि ते तिला मिसेस गॅस्किन्स.

मग एका हिवाळ्यात ते पायरीवरच्या बर्फावरून घसरले. रुग्णवाहिका आली, त्यांना घेऊन गेली. आठवडाभराने कुणी भाची येऊन एक सूटकेस भरून, दाराला कुलूप लावून गेली. कुठे नेलं, किती दिवस, कुणी काही सांगितलं नाही. लिओटाला आधी वाटलं, येतील वसंतात. पुढच्या हिवाळ्यात वाटलं, गेले असतील बिचारे. त्यानंतर वाटायचंही बंद झालं.

घर मात्र तिथेच होतं. गवत कमरेएवढं झालं, छपराची पन्हाळ एका बाजूने लोंबायला लागली, जोत्याखाली कसलंसं जनावर बीळ करून राहिलं. हे सगळं लिओटाने पोटात घातलं. तिची अडचण होती ती पोर्चची. त्या घराच्या कोपऱ्यावरच शाळेच्या बसचा थांबा. पाऊस आला की पोरं धावत बार्टकोंच्या पोर्चमध्ये घुसायची. आणि पोर्चच्या मधल्या खांबाने तर खालची फरशी केव्हाच सोडली होती. तो वरून लोंबत होता की वरचं छप्पर त्याच्यावर टेकलं होतं, हे बघून कळत नसे. लिओटा दारातून ओरडायची, पोरं पांगायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एप्रिलातल्या एका भिजक्या सकाळी एक मुलगी त्या खांबाला धरून गिरक्या घेताना तिने पाहिली. प्रत्येक गिरकीला वरचं छप्पर होकार दिल्यासारखं हलत होतं.

त्याच सकाळी तिने फोन केला.

"तक्रार कशाची?" पलीकडच्या बाईने विचारलं. "गवत, कचरा, जनावरं, की बांधकाम?"

"पोर्च आहे. कधीही पडेल. पोरं उभी असतात हो खाली."

"म्हणजे बांधकाम. तुमचं नाव नोंदवायचं का? नाही सांगितलं तरी चालतं."

नाव सांगायला लिओटाने तोंड उघडलंही होतं. पण चालतं म्हटल्यावर ते आपोआप मिटलं. "नको," ती म्हणाली. त्या 'नको'ने नंतर दिवसभर तिची पाठ सोडली नाही. पोरांच्या जिवासाठी फोन केला, मग नाव लपवायला काय झालं होतं? तिने काही चोरी केली होती का?

समोरच्या घरात व्हर्नेटा राहायची. चर्चच्या गायनात लिओटाच्या शेजारी उभी राहणारी, तोंडाने फटकळ. तिला संध्याकाळी हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, नाव न सांगायची सोय आहे म्हणून तर लोक फोन करतात. नाहीतर या गावात कुणी कुणाला तोंड दाखवलं असतं का?"

काही दिवसांनी इन्स्पेक्टर आला. उंच, सावकाश चालणारा, हातात पाटीसारखा टॅब्लेट. लिओटा तिच्या दारात उभी होती. तिने डोळे बारीक केले.

"तू ड्वेन ना? पुलियमचा?"

"हो, मिस लिओटा." तो ओशाळून हसला. बसमधली सगळी पोरं तिला याच नावाने हाक मारायची.

"पुढच्या सीटवर बसवायचे तुला. वळणावर ओकायचास."

"आता नाही ओकत." त्याने बार्टकोंच्या घराचे फोटो काढले, समोरून, बाजूने, मागे जाऊनही. परत आला तेव्हा त्याची नजर लिओटाच्या पायऱ्यांवर गेली आणि तिथेच थांबली. "मिस लिओटा, तुमच्या पायऱ्यांना कठडा नाही."

"ऑर्विल होता तेव्हाही नव्हता."

"इतक्या पायऱ्यांना कठडा लागतो. नियम आहे. दिसलं की मला लिहावं लागतं."

"अरे, पण मी तुला बोलावलं ते..." आणि ती थबकली. कारण नाव सांगितलेलं नव्हतं, म्हणजे तिने कुणालाच बोलावलं नव्हतं. ड्वेनने टॅब्लेटमध्ये डोकं घातलं आणि काही ऐकलं नाही असं दाखवलं. पोरगा लहानपणापासूनच समजूतदार होता.

आठवडाभरात लिओटाच्या नावाने नोटीस आली. व्हर्नेटा दोन्ही हात कमरेवर ठेवून हसली. "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. शेजाऱ्याचा पोर्च राहिला बाजूला, स्वतःच्याच पायऱ्या मोजून घेतल्यास." मग तिनेच आपल्या दिराला पाठवलं, आणि त्याने लोखंडी कठडा बसवून दिला. चांगला झाला कठडा. लिओटाला त्याचा आधारही वाटायला लागला, आणि त्याचाच तिला रागही आला.

जून उजाडला. एक दिवस ट्रक आला, माणसांनी बार्टकोंचं गवत कापलं आणि गेली. पुन्हा एकदा आली आणि खिडक्यांना प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या. त्या खिडक्यांना बार्टको दर वसंतात स्वतः पुट्टी भरायचे, जिभेचं टोक ओठाबाहेर काढून. मग दारावर नारिंगी कागद चिकटला. घर राहण्यास अयोग्य, आत जाऊ नये. एवढं सगळं झालं आणि पोर्च होता तसाच. मधला खांब तसाच लोंबत होता. पोर्चला फक्त एक पिवळी पट्टी बांधली होती, आणि शाळेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा पोरं त्या पट्टीखालून वाकून आत शिरली.

ड्वेन पुन्हा दिसला तेव्हा ती कठड्याला धरून खाली उतरली.

"ड्वेन, मी... म्हणजे ज्याने कुणी तक्रार केली, त्याने पोर्चची केली होती. त्या पोर्चला कुणी हात का लावत नाही?"

"पोर्च घराबरोबरच जाईल ना."

"कुठे जाईल?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "पाडणार आहेत, मिस लिओटा. मागच्या खोलीचं छप्पर आत कोसळलंय. मालक उत्तर देत नाही. ऑगस्टात सुनावणी, तिथेही कुणी आलं नाही की घर पाडायच्या यादीत जाईल."

लिओटाला ऐकू आलं होतं, पण ते डोक्यात शिरेना. "मी घर पाडा असं कुठे म्हटलं? एक खांब नीट करा एवढंच."

"मी आलो की मला नुसता पोर्च बघता येत नाही. सगळं बघावं लागतं."

"मालकाला कळवलंत?"

"तीनदा. टपालाने."

"कुठल्या पत्त्यावर?"

ड्वेनने मान वळवून बार्टकोंच्या दाराकडे पाहिलं. दाराला पत्र टाकायची फट होती. "नोंदीत जो पत्ता असतो तिथेच पाठवतात."

"अरे, घर रिकामं म्हणून तुम्ही फळ्या ठोकल्यात, आणि पत्रं त्याच घरात टाकताय?"

"दारावरही लावलं ना," तो म्हणाला. मग त्याचा त्यालाच अर्थ लागला असावा. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. "मी दुसऱ्या पत्त्यासाठी विचारलं होतं. नोंदीत दुसरा नाही. माझ्या हातात एवढंच असतं, मिस लिओटा."

ती घरात आली आणि तिने पुन्हा तोच नंबर फिरवला. या वेळी आपणहून नाव सांगितलं.

"मला तक्रार मागे घ्यायची आहे."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज. "या पत्त्याच्या तक्रारीला नाव नाहीये, मॅडम."

"माझीच आहे ती. तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगते."

"तरी मागे घेता येत नाही. तुम्ही फोन ठेवलात की ती तुमची राहत नाही. आता तो शहराचा मामला आहे." बाई वाईट नव्हती. आवाज खाली आणून म्हणाली, "मालक सुनावणीला आला तर बघतील काहीतरी. मालक कुठाय?"

"तेच तर कुणाला माहीत नाही," लिओटा म्हणाली.

व्हर्नेटाचं मत सरळ होतं. "पाडू दे की. गल्ली मोकळी होईल. मेलेल्या माणसाच्या घराचं काय एवढं लावून घेतलंयस?"

"मेले कशावरून?"

"मग जिवंत कशावरून?"

इतक्या वर्षांचा शेजार, आणि माणूस आहे की नाही हेसुद्धा आपल्याला सांगता येऊ नये, याची तिला लाज वाटली. शोधायचं तर कुठून? मग तिला घुमटाचं चर्च आठवलं. बार्टको दर रविवारी कोट घालून तिकडे चालत जायचे. शुक्रवारी त्या चर्चच्या तळघरात बायका बटाटा भरलेले पिरोही करून विकायच्या. बस चालवताना ती रोज त्या दारावरून गेली होती, पण पायरी कधी चढली नव्हती.

शुक्रवारी ती गेली. खाली कांदा परतल्याचा वास, लांब टेबलांवर पीठ, आणि त्याभोवती केसांना जाळ्या बांधलेल्या म्हाताऱ्या. ओळीने सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. लिओटाने बटाट्याचे डझनभर मागितले आणि मग, घसा साफ करून, विचारलं.

"स्टीव्ह बार्टको?" पिठाचे हात झटकत एक ठेंगणी बाई म्हणाली. "अहो, त्यांना काय धाड भरलीय? परवाच निरोप आला, पिरोहीत मीठ कमी पडलं म्हणून. भाची नेते ना त्यांच्यासाठी. पलीकडच्या गावात, वृद्धांच्या सेवागृहात आहेत. पत्ता हवाय का?"

तिने एका पिशवीवर पत्ता लिहून दिला. तोवर पिरोही पुरते निवलेही नव्हते. लिओटा बराच वेळ गाडीत बसून राहिली. दीड वर्ष जे कळत नव्हतं, ज्यासाठी शहराने तीन पत्रं रिकाम्या घरात टाकली, ते एका प्रश्नाने कळलं होतं. मग आपण तो प्रश्न आधी का विचारला नाही?

मिस्टर बार्टको खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. आवाज बंद करून बेसबॉलचा सामना बघत होते. अंग झिजलं होतं, पण दाढी घोटलेली आणि शर्टाचं वरचं बटण लावलेलं. लिओटाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"मिसेस गॅस्किन्स. कुणी वारलं का?"

"नाही नाही. तुम्हाला भेटायला आले."

"मला?" त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. "कमरेचं हाड जुळत आलंय. वॉकर घेऊन चालतो. भाची म्हणते इथेच राहा. मी म्हटलं, बर्फ पडायच्या आत मी घरी जाणार."

लिओटाने पिरोहीचा डबा टेबलावर ठेवला. येताना तिने वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विस्कटली. "घराला फळ्या ठोकल्यात, मिस्टर बार्टको. पाडायचं म्हणतात."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी टीव्ही बंद केला. "कोण म्हणतं?"

"शहर."

"शहराला काय स्वप्न पडलं? कुणी सांगितलं त्यांना?"

बसमध्ये गप्प बसून समोरच्याला बोलतं करायचं कसब लिओटाकडे होतं. आज ते तिच्यावरच उलटलं. बार्टको काही न बोलता तिच्याकडे बघत राहिले, आणि तिच्याच तोंडून निघालं, "मी. पोर्चबद्दल. पोरं उभी राहत होती खाली."

बार्टकोंनी खुर्ची खिडकीकडे वळवली. "इतकी वर्षं शेजारी आहोत आपण," ते काचेकडे बघून म्हणाले. "मला येऊन सांगायचं होतं."

"तुम्ही कुठे आहात ते मला माहीत नव्हतं."

"विचारलं होतं का कुणाला?"

लिओटाने टेबलावरचा डबा त्यांच्याकडे सरकवला. ते म्हणाले, "तो मधला खांब. खालची तुळई कुजली होती. मला माहीत होतं." आणि मग अगदीच वेगळ्या आवाजात, "डबा न्या परत. माझं जेवण झालंय."

तिने डबा नेला नाही. घरी येताना तिला रडू येतंय की राग येतोय, हेच उमगेना. पोरांना वाचवायला गेलो होतो ना आपण? मग एका म्हाताऱ्याचं छप्पर कसं उडवून बसलो? आणि छप्पर उडू नये म्हणून धावतोय, तर पोरांचं काय? पोर्च तर अजून उभाच आहे. तिच्या डोक्यात सगळं तळ्यात-मळ्यात होऊन बसलं होतं. तरी तिने एक केलं. ड्वेनला गाठून सेवागृहाचा पत्ता दिला. चौथं पत्र तिथे गेलं.

ऑगस्टात सुनावणी. महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, साखळीला चष्मा लावलेली एक अधिकारी बाई, बाजूला ड्वेन. बार्टकोंना त्यांची भाची कॅरल-अॅन ढकलत घेऊन आली. घोटलेली दाढी, तोच रविवारचा कोट. लिओटा मागच्या बाकावर बसली होती, शेजारी व्हर्नेटा, तिला गंमत बघायची होती. बार्टकोंनी मागे वळून पाहिलं नाही.

ड्वेनने फोटो दाखवले. अधिकारी बाईने विचारलं, "इतके महिने तुम्ही उत्तर का दिलं नाही, मिस्टर बार्टको?"

"पत्रं मला मिळाली नाहीत, मॅडम. आणि मला हे काही कळतही नाही. तक्रार म्हणजे काय, ती कुठे जाते, कोण येतं. साधा माणूस आहे मी."

बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या पडद्यावर काहीतरी वर सरकवत नेलं. "कळत नाही कसं? तुमच्या सहीची किती पत्रं आहेत आमच्याकडे. शेजारच्या घराबद्दल. पन्हाळीचं पाणी तुमच्या तळघरात येतं. अंगणात बिनचाकाची गाडी उभी आहे. पोर्चचा दिवा तुमच्या खिडकीत येतो." ती थांबली. "दिव्याबद्दल तर तीनदा लिहिलंय. तुम्हाला सगळं व्यवस्थित कळतं, मिस्टर बार्टको."

शेजारचं घर म्हणजे आपलं, हे लिओटाच्या ध्यानात यायला क्षण गेला. बिनचाकाची गाडी ऑर्विलची होती. दिवा तिने लावला होता, ऑर्विल अधूनमधून रात्रपाळीहून यायचा म्हणून. व्हर्नेटाने कोपराने ढोसलं आणि कुजबुजली, "घे. खसखशीची गुंडाळी."

बार्टकोंची मान कोटाच्या कॉलरमध्ये गेली होती. मागून फक्त दोन लाल कान दिसत होते.

पुढचं लिओटाला तुटक तुटक ऐकू आलं. मालक हजर आहे, राहायची इच्छा आहे, म्हणून पाडण्याचं तूर्त थांबवू. पोर्च आणि मागची मोडकी खोली काढून टाका, छप्पर बंद करा, बर्फाआधी ड्वेनने येऊन पाहावं. एवढं झालं तर घर राहील. भाचीने सुस्कारा सोडला. तिला बहुधा ते पडलेलंच बरं वाटलं असतं.

बाहेर लिफ्टपाशी खुर्ची थांबली होती. भाची गाडी आणायला गेली होती. लिओटाला पुढे जावं की जिन्याने उतरून जावं, ठरत नव्हतं. बार्टकोच बोलले.

"आता तुम्ही म्हणाल, मला येऊन सांगायचं होतं."

"म्हणणारच होते."

"मिस्टर गॅस्किन्स तापट होते. मला धाक वाटायचा त्यांचा."

"ऑर्विलचा?" लिओटाला खरंच आश्चर्य वाटलं. ऑर्विल टीव्हीवरच्या कुत्र्याला लागलं तरी डोळे पुसायचा. पण आवाज दणदणीत होता, हेही खरं. "मग ती पन्हाळ? एक दिवस मी कामावरून आले तर आपोआप नीट झाली होती. ऑर्विल म्हणाला शहराने केली असेल."

"शहर कुठलं करतंय," बार्टको म्हणाले. "पत्र टाकलं, उत्तर नाही आलं. मग पाणी येतंच होतं तळघरात. तुम्ही दोघं कामावर गेलात तेव्हा शिडी लावली."

"तक्रारही तुम्हीच करायची आणि दुरुस्तीही तुम्हीच?"

"हं."

"आणि नाताळात गुंडाळी."

"ती तर आईची रीत होती," ते म्हणाले, जणू तिने काहीतरी भलतंच विचारलं होतं.

लिओटाला हसू आलं की काय, तिला स्वतःलाच कळलं नाही, पण आवाज तसा निघाला. या माणसाला आपण शेजारी म्हणायचं की काय म्हणायचं? आणि तो आपल्याला काय म्हणत असेल? भाची आली, लिफ्टचं दार उघडलं, आणि ते उत्तर तिथेच राहून गेलं.

सप्टेंबरात घुमटाच्या चर्चची माणसं आली. साठी उलटलेले सगळे, पण छपरावर चढले. व्हर्नेटाचा दीर पहार घेऊन आला आणि पोर्च पाडायला अर्धा दिवसही लागला नाही. मधला खांब नुसता हात लावल्यावर आडवा झाला. लिओटा ते बघत उभी होती आणि तिला त्या मुलीच्या गिरक्या आठवल्या. व्हर्नेटाने सगळ्यांना तळलेला मासा खाऊ घातला आणि वर टोमणाही मारला, की पाडायचंच होतं तर शहराला कशाला थांबवलंत. पोर्चच्या जागी बार्टकोंसाठी लाकडी उतार केला, खुर्ची चढेल असा.

ऑक्टोबरच्या शेवटी ते घरी आले. खिडक्यांच्या फळ्या निघाल्या. पहिल्या सकाळी लिओटा कॉर्नब्रेड घेऊन उतारावरून वर गेली. दोघं स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायले. बोलणं पूर्वीइतकंच बेताचं झालं. दिव्याचा विषय कुणी काढला नाही. पण त्या रात्री तिने आपला पोर्चचा दिवा बंद केला. मग वाटलं, याचा अर्थ ते काय घेतील? म्हणून पुन्हा लावला. मग पुन्हा बंद केला.

नोव्हेंबरात ड्वेनची गाडी पुन्हा गल्लीत आली. लिओटा दारात आली. बार्टको उताराच्या वरच्या टोकाला वॉकर धरून उभे होते.

"छप्पर बघायला आलास ना?" लिओटाने विचारलं.

"छप्पर ठीक आहे. तो मामला मिटला." ड्वेन अवघडून उभा होता. "नवी तक्रार आहे. या उताराची. परवानगी न काढता बांधलाय म्हणून."

बार्टकोंनी सावकाश मान वळवून लिओटाकडे पाहिलं.

"मी नाही," लिओटा म्हणाली. "देवाशपथ सांगते, मी नाही केली."

"मग कुणी?"

"ड्वेन, सांग बाबा यांना."

"नाव नाहीये, मिस लिओटा. परवानगी काढून घ्या, साधं काम आहे. आठवड्यात होईल." त्याने फोटो काढले, लिओटाच्या कठड्याला जाता जाता हात लावून पाहिला, तो पक्का आहे असं दिसल्यावर मान हलवली आणि निघून गेला.

दोघं आपापल्या जागी उभे राहिले. मग लिओटा उतारावरून वर गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. गल्ली शांत होती. कुणाच्या अंगणात पानांचे ढीग, कुणाची झुकलेली पत्रपेटी, पलीकडे कुणीतरी भिंत अर्धवट रंगवून सोडून दिलेली. व्हर्नेटाच्या खिडकीचा पडदा हलला, किंवा वाऱ्याने हलला असेल.

"ती तर तुमची मैत्रीण," बार्टको म्हणाले.

"हो. आणि तुम्ही माझे शेजारी," लिओटा म्हणाली.

बार्टकोंनी जरा विचार केला. "विचारायचं का तिला? समोरासमोर?"

"विचारून काय करायचं? नाही म्हणाली तर खरं कसं मानायचं, आणि हो म्हणाली तर पुढे काय?"

गार वारा सुटला होता, आणि वॉकरवरची त्यांची बोटं निळसर दिसत होती. "आत चला," लिओटा म्हणाली, आणि त्यांच्या कोपराला हात लावून त्यांना दाराकडे वळवलं. परवानगीसाठी सोमवारी महापालिकेत कोण जाणार, याची बोलणी करत दोघं आत गेले.